साहेबांच्या सहीचं गाणं

सन दोन हजार पंधरा. साल आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे या गाण्याच्या इतक्या आवृत्त्या निघाल्या आणि प्रत्येक आवृत्तीवाल्याने "मूळ आमचंच" असं इतक्या छातीठोकपणे सांगितलं, की खुद्द स्टेनोबाईंनाही एकदा वाटून गेलं, आपण नक्की कधी काय केलं होतं? तर गाणं दोन हजार पंधराचं आणि त्यातले शब्द एकोणीसशे शहाऐंशीचे. मधली एकोणतीस वर्षं ते शब्द एका वहीत पडून होते आणि ती वही शेवटी एका लोखंडी कपाटात.

हे कपाट रिकामं करायचं, एवढाच खरं तर बेत होता.

स्टेनोबाई पाणीपुरवठा कार्यालयातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. चौतीस वर्षं त्यांनी शॉर्टहँड घेतलं. त्या काळात साहेब पाच झाले, पण बाई नुसतं 'साहेब' म्हणाल्या की तो दुसरा, उंच, सतत खाकरणारा, कोटाच्या खिशात लाल पेन्सिल ठेवणारा, असंच सगळ्यांनी समजायचं. निवृत्तीच्या दिवशी कार्यालयाने त्यांच्या दोनशे बारा वह्यांवर 'वाचता येत नसल्याने निरुपयोगी' असा शेरा मारला. बाईंना तो शेरा झोंबला. त्यांनी वह्या रिक्षात घालून घरी आणल्या, कपाटात कोंबल्या आणि किल्ली चष्म्याच्या डबीत ठेवली.

त्यांच्याकडे त्यांची भाची राहायची. भाची दातांच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर ती लोकांच्या कवळ्यांचे साचे ओतायची आणि संध्याकाळी रॅप करायची. त्या जगात तिचं नाव होतं 'अक्कलदाढ'. हे नाव ऐकून बाई दोन दिवस बोलल्या नव्हत्या. नंतर त्यांनी फक्त एवढंच विचारलं होतं, "निदान सुळा तरी चाललं नसतं का गं?"

तर भाचीला कपडे ठेवायला कपाट हवं होतं.

"मावशी, दोनशे बारा वह्या! कोण वाचणार आहे त्या?"

"मी."

"मग वाच आणि टाक. रोज दहा."

बाईंनी एका रविवारी सकाळी वाचायला घेतलं. आता, शॉर्टहँड मनातल्या मनात वाचता येत नाही, निदान बाईंना येत नसे. ते मोठ्याने वाचावं लागे आणि तेही परीक्षेच्या वेगाने, मिनिटाला एकशे वीस शब्द. हळू वाचलं की त्या रेघा नुसत्या रेघा दिसायला लागत. त्यामुळे बाई खुर्चीत ताठ बसून, घड्याळ समोर ठेवून, एका पट्टीत, कुठेही न थांबता वाचत सुटल्या. निविदा, स्मरणपत्रं, एका पंपचालकाच्या रजेचा अर्ज, आणि मग ते पत्र आलं.

ते पत्र एका धुलाईखान्याच्या मालकाला होतं. त्याने मुख्य वाहिनीला परस्पर भोक पाडून दोन वर्षं फुकट कपडे धुतले होते.

"आपणांस तोंडी कळवले, लेखी कळवले, शिपाई पाठवून कळवले, समक्ष बोलावून, खुर्ची देऊन, पंख्याखाली बसवून कळवले. आपल्याकडून हूं नाही, चूं नाही, पोच नाही, पावती नाही! पाणी आमचं, नळ आमचा, तोटी आमची, आणि तोरा तेवढा आपला! सबब या अंतिम सूचनेद्वारे आपणांस अंतिमतः सूचित करण्यात येते की, यापुढे सूचित करण्यात येणार नाही!"

आतल्या खोलीत काहीतरी पडलं. भाची तोंडात दातांचा ब्रश तसाच धरून दारात उभी राहिली.

"मावशी. परत म्हण."

"म्हणत नाहीये मी. वाचतेय."

"परत वाच. तशीच. श्वास न घेता."

त्या दिवशी दुपारी लिफ्टवाला आला. हा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि लिफ्टच्याच आवाजांवर भाचीच्या गाण्यांचे ठेके बांधायचा. दार आपटणं, दोर घासणं, तळमजल्याला बसणारा तो हलकासा धक्का. माणूस अबोल होता. त्याने बाईंचं वाचन आपल्या छोट्या ध्वनिमुद्रण यंत्रावर घेऊन कानाला लावून ऐकलं, बोटाने टेबलावर ठेका धरला आणि तो इतकंच म्हणाला, "बाई घड्याळ आहेत."

बाईंना हे आयुष्यात मिळालेलं सर्वांत मोठं प्रमाणपत्र वाटलं. वरवर मात्र त्या म्हणाल्या, "घड्याळ म्हणू नये. स्टेनो म्हणावं."

ध्वनिमुद्रण दातांच्या प्रयोगशाळेतल्या प्लॅस्टरच्या खोलीत झालं. तिथे प्लॅस्टरच्या गोण्यांमुळे आवाज घुमत नाही, असं लिफ्टवाल्याचं शास्त्र होतं. तिन्ही भिंतींवरच्या फळ्यांवर शेकडो जबडे मांडलेले. बाईंना वाटलं, सगळं गाव आ वासून आपल्याकडे बघतंय. त्यांनी इस्त्रीची साडी नेसली होती, कारण सरकारी पत्र वाचायचं होतं. भाचीने तिच्या कडव्यांत धुलाईखान्यापासून घरमालकापर्यंत सगळ्यांची उणीदुणी काढली, मध्ये मध्ये बाईंचं पत्र आलं आणि खाली लिफ्ट वरखाली होत राहिली. प्रत्येक वेळी झाल्यावर बाई सवयीने विचारायच्या, "वाचून दाखवू का?" आणि भाची म्हणायची, "मावशी, आत्ता तेच केलंस."

गाणं इंटरनेटवर गेलं. नाव 'अंतिम सूचना'. खाली लिहिलं होतं: अक्कलदाढ आणि लिफ्टवाला, सोबत स्टेनोबाई. शब्द: मावशी आणि भाची.

आठवडाभरात ते कुठल्या कुठे पोचलं. रिक्षावाले थांब्यावर ऐकत होते. शाळेतली पोरं पळत येऊन एकमेकांच्या पाठीवर थाप मारायची, "हूं नाही!" आणि दुसरं म्हणायचं, "चूं नाही!" समोरच्या काकूंच्या सुनेने म्हणे सासूच्या तोंडावर "यापुढे सूचित करण्यात येणार नाही" असं सुनावलं, त्यावरून त्या काकूंनी बाईंशी तीन दिवस अबोला धरला आणि चौथ्या दिवशी सही मागायला वही पाठवली.

इथे थांबायला हरकत नव्हती. कुणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. पण बाईंचा जन्म कार्यालयात गेला होता, आणि त्यांनी ती वही आली त्याच दुपारी, जेवण बाजूला सारून, एक चूक केली. दुसऱ्या कुणाला ती सुचलीही नसती.

"शब्द मावशीचे असं कसं लिहिलंस?" त्यांनी भाचीला विचारलं. "ते पत्र साहेबांच्या सहीने गेलं होतं."

"पण लिहिलंस तू ना?"

"मसुदा मी केला. पत्र साहेबांचं."

"यात फरक काय?"

"सहीचा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी साहेबांना झाल्या प्रकाराबद्दल कार्योत्तर मंजुरी मागणारा अर्ज लिहिला. काम आधी आणि परवानगी मागून, याला कार्यालयात कार्योत्तर मंजुरी म्हणतात. तिच्यावर निम्मी सरकारं चालतात. पण गाण्यासाठी ती मागणाऱ्या बाई पृथ्वीवर पहिल्याच असाव्यात.

तळमजल्यावर एक वकील राहत. त्यांचं सगळं आयुष्य हरवलेल्या कागदांची प्रतिज्ञापत्रं करण्यात गेलं होतं. ते म्हणाले, "बाई, अर्ज कशाला? गाणं हरवलंय असं प्रतिज्ञापत्र करून टाकू."

"ते हरवलेलं नाहीये. सगळीकडे वाजतंय."

"मग सापडल्याचं करू."

साहेब चार गल्ल्या पलीकडे राहत, पण उत्तर आलं ते रजिस्टर पोस्टाने. ऐंशीला टेकलेले साहेब निवृत्तीनंतर वीस वर्षं कुणीही काहीही मंजुरीला पाठवलं नाही म्हणून सुकत चालले होते. बाईंच्या अर्जाने त्यांना पालवी फुटली. अर्जाच्या समासात लाल पेन्सिलीने लिहिलं होतं: 'पाहिले. मंजूर. तथापि.'

चौतीस वर्षांच्या नोकरीत 'तथापि'च्या पुढे बाईंना कधी काही चांगलं वाचायला मिळालं नव्हतं. आताही नव्हतं. एक: शब्दकार म्हणून साहेबांचं नाव यावं. दोन: पुढील सर्व आवृत्त्या त्यांच्यामार्फत जाव्यात. तीन: 'हूं' व 'चूं' हे शब्द शासकीय पत्रव्यवहारास शोभणारे नसून ते मूळ पत्रात कसे आले याचा खुलासा व्हावा.

"स्वतःच लिहिलंय म्हणतात आणि स्वतःलाच खुलासा मागतात?" भाची ओरडली.

"त्यांनी ते पत्र वाचलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "साहेब वाचत नसत. सही करत."

नाव बदललं गेलं. बाईंनीच बदलायला लावलं, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. 'शब्द: साहेब आणि भाची'. भाची चार दिवस प्लॅस्टर इतक्या जोरात कालवत होती की एका गृहस्थाच्या कवळीत बुडबुडे आले.

मग साहेब स्वतः आले. टाय लावून. प्लॅस्टरच्या खोलीत शिरल्यावर त्यांनी जबड्यांकडे पाहिलं, आणि ही कर्मचाऱ्यांची बैठक आहे असं समजून की काय, सगळ्यांना मान लववली. सुधारित आवृत्ती ते स्वतः वाचणार होते. 'हूं नाही, चूं नाही'च्या जागी आलं होतं 'कोणताही प्रतिसाद प्राप्त न झाल्याचे निदर्शनास आले आहे.'

"याच्यावर ठेका बसत नाही," भाची म्हणाली.

"बसवा," साहेब म्हणाले. "हे 'निदर्शनास' जरा सावकाश घ्या म्हणजे बसेल."

साहेबांना प्रत्येक वाक्याआधी खाकरायची सवय होती. "अह्-हूं." लिफ्टवाल्याने यंत्रावर पाहिलं, डोळे बारीक केले, पुन्हा पाहिलं. खाकरणं दर वेळी बरोबर ठेक्यावर पडत होतं.

'सुधारित अंतिम सूचना' कुणी ऐकली नाही. पण तिच्यातलं ते खाकरणं कुणीतरी कापून घेतलं. कुठल्या गावचा कोण, ते कधीच कळलं नाही. त्याने तीन मिनिटं नुसत्या खाकरण्याचं नाचाचं गाणं केलं. ते लग्नाच्या हॉलांमध्ये वाजायला लागलं. व्यायामशाळेत जाड बायका त्यावर उड्या मारायच्या. मग एकाने त्या खाकरण्यात बाईंचं "पोच नाही, पावती नाही" घातलं, दुसऱ्याने ते उलटं फिरवलं, तिसऱ्याने इतकं हळू केलं की बाईंचा आवाज म्हशीसारखा यायला लागला. शेजारणी येऊन सांगायच्या, "अहो, आज तुम्ही भाजीवाल्याकडे लागला होतात," नाहीतर "दवाखान्यात लागला होतात, पण नर्सने बंद केलं." बाईंना दिवसाढवळ्या रस्त्यात स्वतःचाच आवाज गाठायचा. त्यांना गंमत वाटायची. खोटं कशाला बोला, खूपच वाटायची. एकदा सिग्नलला थांबलेल्या टेंपोतून "तोरा तेवढा आपला!" आलं, तर त्यांनी छत्रीने फूटपाथवर ठेका धरला आणि मग चटकन आजूबाजूला पाहिलं.

गंमत संपली ती रेडिओवर. सकाळी दहाची वेळ होती, बाई भांडी पुसत होत्या आणि रेडिओवर साहेबांची मुलाखत लागली.

"हे शब्द तुम्हाला कसे सुचले?" निवेदिकेने विचारलं.

"अह्-हूं. त्या दिवशी मी माझ्या खोलीच्या खिडकीतून बाहेर पाहत होतो. एक मूल रिकामी घागर घेऊन चाललं होतं. माझ्या मनात कालवाकालव झाली..."

साहेबांच्या खोलीला खिडकी नव्हती. होती ती नकाशांच्या कपाटाने बुजवली होती. हे बाईंनी पातेल्याला सांगितलं, कारण घरात दुसरं कुणी नव्हतं. मग त्या पिशवी घेऊन दुकानात गेल्या. दुकानदाराने साखर बांधता बांधता आदराने म्हटलं, "बाई, वाचता छान हं तुम्ही. पण लिहिलंय काय त्या साहेबांनी! अशी माणसं आता नाहीत."

बाई साखर तिथेच विसरून घरी आल्या.

संध्याकाळी भाचीने पाहिलं, मावशी कपाटासमोर बसली आहे आणि मांडीवर शहाऐंशी सालची वही उघडी आहे.

"काय झालं गं?"

"काही नाही. चौतीस वर्षं मला वाटायचं, सही ज्याची पत्र त्याचं, हा नियम आहे. आज शोधलं. कुठेच लिहिलेला नाही. मीच पाळत होते." मग पानावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "तो 'तोरा' शब्द मिळायला मला पाऊण तास लागला होता."

आता खेळ वेगळाच झाला. कारण त्याच सुमाराला नळाच्या तोट्या बनवणाऱ्या एका कंपनीला जाहिरातीसाठी गाण्याचा तुकडा हवा झाला, कंपनीने शब्दकाराचा नोंदणी दाखला मागितला आणि साहेबांनी गीत-संगीत नोंदणी कार्यालयात अर्ज टाकला, सोबत स्वतःच्या सहीची कार्यालयीन प्रत. हरकतीला तीस दिवस. तिसाव्या दिवसानंतर ते शब्द कायमचे साहेबांचे होणार होते, शिक्क्यासह.

बाईंनी अठ्ठावीस दिवस काढले. त्यांना वाटायचं, कशाला? म्हाताऱ्या माणसाला एवढ्या वर्षांनी सुख लागलंय. मग दुकानदार आठवायचा. एकोणतिसाव्या दिवशी भाचीने त्यांना चपला आणून दिल्या आणि दार उघडून उभी राहिली.

नोंदणी कार्यालयात तीन नंबरच्या खिडकीने पाचला पाठवलं, पाचने तीनला, आणि शेवटी दोघांच्या मधल्या खिडकीतल्या कारकुनाने, जिच्यावर 'बंद' अशी पाटी होती, विचारलं, "पुरावा?"

बाईंनी वही पुढे केली. कारकुनाने ती उभी धरली, आडवी धरली.

"बाई, हा ईसीजी आहे."

"हा मसुदा आहे."

"कुणाला वाचता येतो?"

"मला."

"हरकतदाराने स्वतःच्या पुराव्याचं वाचन स्वतः करायचं नसतं. हरकत नोंदवून घेतो, सुनावणीला अधिकृत वाचक आणा."

अधिकृत वाचक शोधण्यात पंधरा दिवस गेले. शॉर्टहँड येणारी माणसं एकतर वारली होती किंवा त्यांना ऐकू येत नव्हतं. शेवटी शासकीय परीक्षेच्या एक निवृत्त परीक्षक सापडल्या. पंच्याऐंशी वर्षांच्या, काठीसारख्या सरळ. त्यांनी बाईंना पाहताच म्हटलं, "शहात्तर साली मी तुम्हाला दोन चुकांवर नापास केलं होतं."

"हो, बाई."

"चुका होत्या."

"हो, बाई."

सुनावणी एका लांब टेबलाभोवती झाली. एका टोकाला नोंदणी अधिकारी, तरुण, सारखा घड्याळ बघणारा. एका बाजूला टायमधले साहेब आणि त्यांच्या बायको, पर्समध्ये विणकाम घेऊन आलेल्या. दुसऱ्या बाजूला बाई, भाची, लिफ्टवाला आणि बोलावलेलं नसताना आलेले वकील, हातात कोरं प्रतिज्ञापत्र. लिफ्टवाल्याने सुरुवातीलाच अधिकाऱ्याला विचारून आपलं यंत्र टेबलावर ठेवलं होतं. परीक्षकबाईंनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली.

"डाव्या समासात: दुपारी अडीच. धुलाईखाना प्रकरण. साहेब म्हणाले, कडक लिहा. एवढंच म्हणाले." त्यांनी पान जवळ घेतलं. "आता मजकूर. 'आपणांस विनंती आहे की,' खोडलेलं. 'आपणांस नम्र विनंती,' खोडलेलं. 'विनंती गेली खड्ड्यात,' खोडलेलं."

भाचीच्या नाकातून आवाज आला.

"बाई, खोडलेलं वाचू नका," स्टेनोबाई कुजबुजल्या. ते पान आपण दर वेळी वाचतो तेव्हा खोडलेलं गाळून वाचतो आणि ही बाई गाळणाऱ्यातली नाही, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं होतं.

"पानावर आहे ते मी वाचणार," परीक्षकबाई म्हणाल्या. "'आपण चोर आहात,' खोडलेलं. 'आपण सभ्य चोर आहात,' खोडलेलं. 'तोंडी कळवले, लेखी कळवले,' ठेवलेलं. समासात: साहेबांना डुलकी लागली आहे, हळू आवाजात पान उलटणे."

साहेबांच्या बायकोच्या सुया थांबल्या.

"'हूं नाही, चूं नाही.' खोडलेलं. परत लिहिलेलं. परत खोडलेलं. बाजूला: राहू दे, साहेब कुठे वाचतात. परत लिहिलेलं. 'पाणी आमचं, नळ आमचा, तोटी आमची, आणि...' इथे 'माज' खोडलाय. 'मिजास' खोडलंय. 'नखरे' खोडलंय. 'ऐट' दोनदा खोडलंय. 'तोरा' ठेवलंय, खाली दोन रेघा. समासात: मिळाला! पुढे: साडेतीन. साहेब जागे झाले. विचारतात, झालं का."

साहेबांच्या बायको आता हसत होत्या. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी काढत. "अहो," त्या कशाबशा म्हणाल्या, "घरीसुद्धा तुम्ही दुसरं काय करता हो? 'कडक करा' म्हणता आणि डोळे मिटता. चहा मीच करते ना!"

अधिकाऱ्याने तोंडावर फाइल धरली होती. परीक्षकबाईंनी मात्र वही टेबलावर ठेवली आणि त्या गंभीरपणे म्हणाल्या, "डिक्टेशन घेणारा हात खोडत नाही. खोडायला वेळच नसतो. हे पान ऐकणाऱ्याचं नाही, विचार करणाऱ्याचं आहे. हे शब्द या बाईंचे आहेत." मग पुन्हा वहीत डोकावून, "तिसऱ्या ओळीत एक चिन्ह चुकलंय."

"नक्की काय म्हणाला होतात आपण?" अधिकाऱ्याने साहेबांना विचारलं. "नोंदीसाठी."

साहेबांना बहुधा ते खरंच आठवलं. त्यांची मान ताठ झाली. "अह्-हूं," ते म्हणाले, आणि मग एकोणतीस वर्षांपूर्वीच्या आवाजात, इतक्या जोरात की बाहेर व्हरांड्यातला शिपाई उठून उभा राहिला: "कडक लिहा!"

साहेबांनी वहीकडे हात केला. बाईंनी ती सरकवली. नोकरीच्या इतक्या वर्षांत साहेबांनी त्यांची वही कधी उघडून पाहिली नव्हती. त्यांना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं, पण रेघांवर मारलेल्या रेघा कुणालाही कळतात. ते बोट फिरवत राहिले.

"एवढं खोडत होतात?"

"हो, साहेब."

"माझ्याकडे यायचं तेव्हा तर स्वच्छ असायचं."

"स्वच्छ करूनच आणायची मी."

साहेबांनी मान हलवली. ती कशासाठी हलवली, ते त्यांनाही नीट कळलं नसावं. मग त्यांनी खिडकीकडे पाहिलं. या खोलीला खिडकी होती. "ते घागरीचं मूल," ते म्हणाले, "मला खरंच वाटायला लागलं होतं की मी पाहिलं."

"त्यांचं निवेदन लेखी लागेल," अधिकारी म्हणाला.

"लिहून घ्या, बाई," साहेब म्हणाले.

बाईंचा हात आपोआप पर्समधल्या पेन्सिलीकडे गेला. भाचीने टेबलाखालून मनगट धरलं. तिने धरलं नसतं तर सगळं तिथेच बुडालं असतं. साहेब सांगणार आणि बाई साहेबांच्या वतीने साहेबांपेक्षा चांगलं लिहून देणार. पण साहेबांनाही ते दिसलं.

"नको," ते म्हणाले. "मीच लिहितो."

त्यांना पस्तीस मिनिटं लागली. दोन कागद फाटले. अधिकाऱ्याने घड्याळ बघायचं सोडून दिलं. वकिलांनी स्वतःचं पेन दिलं, कारण लाल पेन्सिल चालत नाही. 'सदरहू' लिहून खोडलं, 'तथापि' लिहून खोडलं, एक अख्खी ओळ खोडली. बाई समोर बसून टेबलाच्या कडेवर बोटं दाबत होत्या. उलट बाजूने वाचता येत होतं, दोन वाक्यं तर अशी होती की एका शब्दाने उजळली असती. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्या मते सगळ्या नोकरीत त्यांनी केलेलं सर्वांत अवघड काम ते होतं.

कागदावर शेवटी राहिलं ते असं: 'हे शब्द माझे नाहीत, बाईंचे आहेत. मी झोपलो होतो. सही माझी आहे, तीही चुकून चांगल्या पत्राखाली पडली.'

दाखला बाईंच्या नावाने मिळाला, शिक्क्यासह. कपाट रिकामं करायचं मात्र राहून गेलं. भाचीने दुसरं घेतलं.

लिफ्टवाल्याचं यंत्र सगळा वेळ चालू होतं. आठवड्यानंतर तो साहेबांच्या घरी जाऊन परवानगी मागून आला आणि 'कडक लिहा!' एवढ्या दोनच शब्दांवर त्याने नवं गाणं केलं. ते आधीच्या सगळ्यांना मागे टाकून गेलं. नोंदणीत खरंखुरं लिहिलं आहे: शब्द, साहेब. बाईंना आपल्या एकोणपन्नास शब्दांपेक्षा हे दोन जास्त गाजावेत याचा थोडा राग आला. तो थोडा राग बरेच दिवस टिकला.

पुढे भाचीने स्वतःची दंत-प्रयोगशाळा काढली. तिथे कवळी घ्यायला येणारे लोक आधी सही घेतात, मग दात. तिचं आणि लिफ्टवाल्याचं लग्न झालं. वकिलांनी त्याचं प्रतिज्ञापत्र केलं, लग्न हरवलेलं नसताना. तोट्यांच्या कंपनीने शेवटी गाणं घेतलंच नाही. 'तोटी आमची' हे ग्राहकांना आवडणार नाही असं त्यांच्या साहेबांचं मत पडलं. तो धुलाईखानेवाला एक दिवस पत्ता शोधत बाईंकडे आला, म्हातारा झाला होता. मूळ पत्र त्याने चौकटीत लावून ठेवलं होतं, आणि त्याखाली शब्द लिहिणाऱ्याची सही त्याला हवी होती. बाईंनी केली. साहेबांच्या सहीच्या शेजारी, जरा मोठी.

परीक्षकबाईंनी नव्वदाव्या वर्षापर्यंत घरी वर्ग चालवला. शेवटच्या तुकडीत त्यांचे एकूण विद्यार्थी एक. साहेब. पंच्याऐंशीव्या वर्षी साहेबांचा वेग मिनिटाला अकरा शब्दांवर पोचला आणि तिथेच थांबला. दोनदा नापास झाले, चुका होत्या. तेव्हापासून ते बाईंना दर महिन्याला शॉर्टहँडमध्ये पत्र पाठवायला लागले, चार गल्ल्या पलीकडून, रजिस्टर पोस्टाने. चिन्हं इतकी वाकडी, की बाईंचा सगळा दिवस एका पत्रात जायचा, आणि एकशे वीसच्या वेगाने वाचलं तर काहीच कळायचं नाही. सावकाश, बोट ठेवून, मनातल्या मनात वाचावं लागे. पत्रात काय, तर प्रकृती, हवा, नळाला पाणी किती वाजता येतं. पण जागोजाग खोडलेलं असायचं. बाई तेच आधी वाचायच्या.